ऑटोमॅटिक गाडी कच्च्या उतारावर: गिअर वरच ठरवा

पावसाळा ओसरला, कच्चे रस्ते वाळू लागले, की ऑटोमॅटिक फोर बाय फोर नव्याने घेतलेले वाचक जवळजवळ एकाच गोष्टीबद्दल विचारू लागतात. ‘लिव्हर डीमध्ये होता, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी गाडी खाली धावायलाच लागली. गिअरबॉक्समध्ये बिघाड आहे का?’ कुणाची आधीची गाडी मॅन्युअल होती आणि ती याच उतारावर ब्रेकला पाय न लावता उतरायची, मग ही का नाही, हे त्यांना कळत नाही. कुणी उतारावर वेग आपोआप रोखणारं हिल डिसेंटचं बटण दाबल्यावर खालून येणाऱ्या खडखडाटाने घाबरून गाडी वर्कशॉपला नेलेली असते.

बहुतेक वेळा गाडीत काहीही बिघडलेलं नसतं. पुढे काय आहे हे गाडीला दिसत नाही. तुमचा पाय कुठे आहे आणि चाकं किती वेगाने फिरताहेत एवढंच तिला कळतं. उतार तुम्हाला दिसतो. म्हणून गिअर तुम्ही ठरवायचा, आणि तो उताराच्या वर, सपाटीवर असतानाच ठरवायचा. मधोमध पोहोचल्यावर हातात फार थोडे पर्याय उरतात.

गाडी असं का वागते

मॅन्युअल गाडीत क्लच सोडला की इंजिन आणि चाकं थेट जोडली जातात. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांच्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यातला एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला, आणि मधे तेल. वेग वाढला की आतला लॉक-अप क्लच दोघांना जखडतो, पण पहिल्या गिअरमध्ये सावकाश चालताना तो बहुधा मोकळाच असतो. उतारावर चाकांनी इंजिनाला फिरवायचं ते तेलातून. त्यामुळे इंजिनाचा रोध मॅन्युअलपेक्षा ढिला लागतो.

उतारावर याचे परिणाम असे दिसतात:

- ब्रेक सोडला की सपाटीवरही ऑटोमॅटिक हळूहळू पुढे सरकते. उतारावर हेच इंजिन सुरुवातीला गाडीला मागे धरत नाही, पुढे ढकलतं. चाकांचा वेग इंजिनाच्या आयडलिंगच्या पुढे गेला, की मगच इंजिन ब्रेकिंग सुरू होतं.
- डीमध्ये पाय काढलात आणि वेग वाढला, की गिअरबॉक्सचा संगणक समजतो, तुम्ही निवांत चालला आहात. तो वरचा गिअर टाकतो आणि उरलासुरला रोधही जातो. नव्या गाड्यांपैकी काही उतार ओळखून गिअर धरून ठेवतात, पण तो हिशेब घाटातल्या वेगासाठी केलेला असतो, दगडधोंड्यांच्या उतारासाठी नव्हे.
- जुन्या पद्धतीच्या काही गिअरबॉक्समध्ये डीमधला पहिला गिअर एकाच दिशेने जोर देतो आणि उलट्या दिशेने मोकळा फिरतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये हीच युक्ती असते. तिथे एल किंवा मॅन्युअलचा पहिला निवडल्याशिवाय इंजिन ब्रेकिंग मिळतच नाही.

जिम्नीचं उदाहरण बोलकं आहे. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये मॅन्युअल जिम्नीचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यामागे जितके फेरे घेतं, त्यापेक्षा चार गिअरच्या ऑटोमॅटिकचं बरेच कमी घेतं. म्हणजे इंजिनाचे फेरे तेवढेच असले, तरी ऑटोमॅटिक मॅन्युअलपेक्षा वेगाने चालेल, आणि त्यावर तेलातली घसरण वेगळी. तेव्हा ऑटोमॅटिक जास्त पळणारच. तिला थोडा ब्रेक लागतो, एवढं मान्य करून उतरलात की अर्धी भीती जाते.

पहिला गिअर ‘धरायचा’ कसा

डीमध्ये असताना डिस्प्लेवर १ दिसणं म्हणजे पहिला गिअर धरणं नव्हे. तुमच्या गाडीत तो कसा धरला जातो, हे सपाटीवर चार वेळा करून पाहा.

- जिम्नी: लिव्हरवर डीच्या खाली २ आणि एल आहेत. खड्या उतारासाठी एल, लांब पण सौम्य उतारासाठी २. ओव्हरड्राइव्ह बंद करण्याचं बटण फक्त सर्वांत वरचा गिअर टाळतं. घाटात ते उपयोगी आहे, कच्च्या उतारावर पुरेसं नाही.
- थार आणि तशा गाड्या: लिव्हर मॅन्युअलच्या खाचेत न्या आणि वजाकडे ढकलत पहिल्यावर या. डिस्प्लेवर पहिला दिसतो का, ते पाहूनच ब्रेक सोडा.
- ‘एस’ असलेल्या गाड्या: अनेक गाड्यांत एसनंतर दिसणारा आकडा म्हणजे गिअर नव्हे, तर वरची मर्यादा. ‘एस-४’ म्हणजे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत गाडी काहीही टाकेल. मर्यादा एकपर्यंत खाली आणल्याशिवाय पहिला पक्का होत नाही.

इथे दोन अडचणी येतात. वेग जास्त असेल तर गाडी खालचा गिअर घ्यायला नकार देते. इंजिन वाचवण्यासाठी तिला तसं शिकवलेलं असतं. आधी ब्रेकने वेग मारा, मग गिअर मागा. दुसरं म्हणजे काही गाड्या मॅन्युअलमध्ये असतानाही इंजिन लाल रेषेला टेकलं की आपणहून वरचा गिअर टाकतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळू लागलं, तर गिअर बदलण्याची वाट पाहू नका, ब्रेक लावा.

उताराच्या तोंडावर

1. गाडी थांबवा आणि खाली उतरून पायी जा. वळण कुठे आहे, दगड कुठे आहेत, शेवटी थांबायला जागा आहे का, आणि उतरलात तर परत वर येता येईल का, हे पाहा. जिथे तुमचा बूट घसरतो तिथे टायरही घसरेल. एवढी एकच गोष्ट नीट केली तर पुढचे निम्मे उपाय करावेच लागत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.
2. सपाटीवर, ब्रेक दाबून, लिव्हर न्यूट्रलमध्ये घेऊन फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या लो रेंजमध्ये, जा. डिस्प्लेवरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, की मगच पुढचं.
3. पहिला गिअर धरा. हिल डिसेंट असेल तर इथेच सुरू करा.
4. आरसे, सामान, मागे बसलेल्यांचे पट्टे पाहा. डिकीतला सुटा जॅक किंवा पाण्याचा कॅन उतारावर पुढे येतो.
5. एकच गाडी उतारावर. पुढची पूर्ण खाली जाऊन बाजूला होईपर्यंत दुसरीने वरच थांबायचं.

उताराचे आकडेही जाणून घ्या. ३० अंशांचा उतार कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो ५८ टक्के असतो आणि गाडीच्या वजनाच्या निम्मी ओढ तिला खाली खेचत असते. ज्यांनी नुकती सुरुवात केली आहे, त्यांनी पहिले काही महिने याच्या जवळपासही जाऊ नये.

उतरताना पाय कुठे

नाकासमोर सरळ उतरा. तिरकं उतरण्याचा मोह होतो, कारण उतार कमी वाटतो, पण गाडी उलटते ती तिरक्या उतारावर. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सैल पण पक्कं धरा, अंगठे आत अडकवू नका.

उजवा पाय ब्रेकवर, हलका आणि सलग. जोराने दाबला, सोडला, पुन्हा दाबला, असं करू नका. प्रत्येक सोडण्यात गाडी वेग घेते आणि प्रत्येक दाबण्यात पुढच्या चाकांवर एकदम भार येऊन ती घसरतात. माणूस चालतो त्या वेगाने, ताशी चार-पाच किलोमीटरने, उतरणं म्हणजे नीट उतरणं.

डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर सांभाळण्याची पद्धत दगडांवर खरोखर उपयोगी आहे. पण ती सरावानंतरची. मॅन्युअल चालवलेल्यांचा डावा पाय सवयीने क्लचसारखा खोल दाबतो, आणि बऱ्याच नव्या गाड्या दोन्ही पॅडल एकत्र दाबल्यावर इंजिनाची ताकदच कापून टाकतात.

एक नियम मात्र कोणत्याही परिस्थितीत मोडू नका: उतारावर न्यूट्रल नाही. इंधन वाचतं ही समजूतही चुकीची आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

घसरायला लागली तर

कोकणातली जांभ्याची लाल माती भिजली, किंवा देशावरची काळी चिकण माती टायरच्या खाचांत भरली, की टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी ब्रेक दाबलेलाच ठेवणं सर्वांत धोक्याचं. चाक फिरायचं थांबलं की स्टिअरिंगला अर्थ उरत नाही, आणि मागचा भाग बाजूने पुढे येऊ लागतो.

काय करायचं, ते मनाविरुद्ध जाणारं आहे, म्हणून आधीच घोकून ठेवा:

- ब्रेक सोडा.
- स्टिअरिंग उताराच्या दिशेने सरळ करा.
- ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करा. चाकं जमिनीच्या वेगाने फिरू लागली की पकड परत येते.
- गाडी सरळ झाली की पुन्हा हलका ब्रेक.

ऑटोमॅटिकमध्ये हा स्पर्श खरोखरच हलका हवा. टॉर्क कन्व्हर्टर मंद वेगात जोर वाढवून देतो, त्यामुळे घाबरून दिलेली रेस एकदम अंगावर येते.

मुरूम किंवा सुट्या खडीवर एबीएसचं वागणंही ध्यानात ठेवा. अडकलेलं चाक पुढे खडीचा ढीग करतं आणि त्या ढिगाने गाडी लवकर थांबते. एबीएस चाक अडकू देत नाही, म्हणून सुट्या जमिनीवर थांबायला जास्त अंतर लागू शकतं. पॅडल थरथरलं म्हणजे बिघाड नाही, चाक अडकायच्या बेतात आहे असा त्याचा अर्थ.

हिल डिसेंट कंट्रोलवर किती विसंबायचं

ही सोय १९९७ मध्ये लँड रोव्हरच्या फ्रीलँडरमध्ये आली, आणि तिचं कारण सांगण्यासारखं आहे: त्या गाडीला लो रेंज नव्हती. इंजिनाचा रोध कमी पडणार म्हणून एबीएसच्या यंत्रणेने एकेक चाकाचा ब्रेक वेगळा लावण्याची युक्ती काढली गेली. म्हणजे हिल डिसेंट हा ब्रेकच आहे. खडखड आवाज येतो तो एबीएसच्या पंपाचा आणि झडपांचा, आणि तो स्वाभाविक आहे.

ओल्या, खाचखळग्यांच्या उतारावर, जिथे एक चाक हवेत आणि एक चिखलात असतं, तिथे ही यंत्रणा तुमच्या पायापेक्षा चांगलं काम करते. चारही चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणं माणसाला शक्य नाही. पण लांब उतारावर ती ब्रेक तापवते, आणि ब्रेक फार तापले की अनेक गाड्यांत आपणहून बंद होते. म्हणून फोर लो आणि पहिला गिअर आधी, हिल डिसेंट त्याच्या जोडीला. पाय मात्र ब्रेकवर तयार ठेवायचाच.

चढ चढेना, आता मागे उतरायचं आहे

उतारावरचे सर्वांत वाईट अपघात असेच होतात: चढताना गाडी अडते, चालक वळवून घ्यायला जातो आणि गाडी आडवी होते. अडलेल्या जागी कधीही वळू नका.

ब्रेक दाबून गाडी पक्की धरा. इंजिन चालू ठेवा, कारण ते बंद पडलं तर ब्रेकची मदत करणारी निर्वात साठवण दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच उरते, आणि स्टिअरिंगही जड होतं. लिव्हर थेट रिव्हर्समध्ये घ्या, न्यूट्रलवर रेंगाळू नका, डिस्प्लेवर आर दिसू द्या. मग ब्रेक हळूहळू सोडत, स्टिअरिंग सरळ ठेवून, आला त्याच चाकोरीतून मागे या. फोर लोमधला रिव्हर्स गाडीला बऱ्यापैकी धरतो. लिव्हर डीमध्ये असताना गाडी मागे घरंगळू देऊ नका. इंजिन बंद पडण्याची शक्यता असते, आणि गिअरबॉक्सवर उलटा ताण येतो तो वेगळाच.

हिल होल्ड असेल तर ते गाडी मागे येण्यापासून दोन-तीन सेकंद रोखतं. तेवढ्यात निर्णय घ्यायचा असतो, विचार करायला तो वेळ नाही.

मधेच थांबावं लागलं तर

आधी हँडब्रेक पूर्ण ओढा. मग पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर घ्या. पुन्हा ब्रेक दाबून लिव्हर पीमध्ये टाका. उलट क्रमाने केलंत तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर येतो, आणि निघताना लिव्हर अडकून धक्क्याने सुटतो. फोर लो तसंच राहू द्या: हँडब्रेक मागच्या चाकांवर असला तरी पुढची चाकं ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतून, त्यांना जोडलेली राहतात.

आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवा. ट्रान्सफर केसचा वेगळा लिव्हर असलेल्या गाडीत फोर हाय आणि फोर लो यांच्या मधे न्यूट्रल असतो. तो लिव्हर न्यूट्रलवर राहिला, तर गिअर पीमध्ये असूनही गाडी घरंगळते. पी गिअरबॉक्सला अडवतं, पण गिअरबॉक्स चाकांपासून सुटलेला असतो. उतारावर उभे असताना ट्रान्सफरच्या लिव्हरला हातच लावू नका.

फोर बाय फोर नसलेली ऑटोमॅटिक

थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते आणि दिसते अगदी तशीच. पण तिला लो रेंज नाही, आणि इंजिनाचा रोध फक्त मागच्या दोन चाकांवर येतो. सुट्या उतारावर तीच चाकं आधी घसरतात आणि गाडी फिरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंगच हातचं जातं. टॉर्क कन्व्हर्टर नसलेले गिअरबॉक्सही इथे कमी पडतात. एएमटी मंद वेगात स्वतः क्लच दाबून गाडी मोकळी करते. ड्युअल क्लच सरपटण्यासाठी बनवलेला नाही, तापतो. सीव्हीटीचा एल घाटात चांगला, दगडांत नाही. या गाड्या शेताच्या बांधापर्यंत खुशाल न्या, खड्या उतारावर नको.

डांबरी घाटात परत आल्यावर

उतरताना फोर लोमुळे गाडी छान धरली, म्हणून काही जण ताम्हिणी किंवा आंबोलीच्या कोरड्या डांबरावरही तेच ठेवतात. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडलेली असतात. वळणावर त्यांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि कोरडं डांबर त्यांना घसरू देत नाही. ताण सगळा ट्रान्सफर केस आणि एक्सलवर जातो. डांबर लागलं की टू हाय, म्हणजे दोन चाकांची साधी रेंज, आणि मॅन्युअलमध्ये दुसरा किंवा तिसरा.

घाटात फक्त ब्रेकवर उतरणं का नको, हे एका हिशेबाने कळेल. माणसांसह २,००० किलोची गाडी ३०० मीटर उंची उतरते, तेव्हा जेवढी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते तेवढ्यात साधारण १८ लिटर, म्हणजे भरलेली मोठी बादली, पाणी उकळीला येईल. गिअरने तिचा वाटा उचलला नाही, तर ती सगळी ब्रेकमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शोषलेलं १४० अंशांनाही उकळू शकतं. उकळलं की नळ्यांत वाफ होते आणि पॅडल खाली जातं. गाडी कितीही कमी चालली असली तरी ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलून घ्या. पॅडल मऊ लागलं किंवा जळका वास आला तर थांबा, ब्रेकवर पाणी ओतू नका, अर्धा तास निवू द्या.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, उतरणाऱ्याने थांबायचं. हा सौजन्याचा भाग नाही, वाहतुकीचा नियम आहे.

तुमचे हक्क, आणि मर्यादा

- जागा: राखीव वन आणि अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालणं भारतीय वन अधिनियम १९२७ आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ यांखाली गुन्हा ठरू शकतं. सडे आणि पठारं मोकळी दिसतात, पण कासच्या पातळ मातीवर उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं जात नाही. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला विचारा, शेत असेल तर मालकाला.
- विमा: खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. कच्च्या रस्त्यावर गाडी नेणं एवढ्याने दावा बाद होत नाही. मात्र इंजिनाचा तळ दगडावर आपटून तेल गळू लागल्यावर तशीच चालवत आणलीत, तर त्यामुळे वाढलेलं नुकसान तुमच्या माथी येतं. जागेवरच थांबा, फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी ओढून न्या.
- वॉरंटी: हिल डिसेंट किंवा फोर लो लागत नसेल, तर ‘ऑफरोड केलं म्हणून’ हे तोंडी उत्तर स्वीकारू नका. लक्षणं लिहिलेलं जॉबकार्ड आणि नकाराचं कारण लेखी मागा. ही गाडी कशासाठी आहे, हे मालकाच्या पुस्तिकेतच छापलेलं असतं, ते पान सोबत न्या.
- तक्रार: गाडीबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. विम्याबाबत आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मागता येते, आणि कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.